लेकराच्या नावची ठेव आणि व्याजावरचा कर

मागच्या वेळी आपण गटातल्या अंतर्गत कर्जाच्या व्याजाबद्दल बोललो. आजही व्याजाबद्दलच बोलायचं आहे, पण आपल्या लेकरांच्या नावावर ठेवलेल्या पैशांच्या व्याजाबद्दल. या व्याजावर कर लागतो का, लागला तर कोणाला लागतो, आणि बँक मधेच पैसे कापते ते का? गेल्या वर्षभरात हे तीन प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येक गटात विचारले गेले. त्यातल्या एका बैठकीपासूनच सुरुवात करू.

त्या दिवशी हप्ते गोळा करून झाले, प्रोसिडिंगवर सह्या झाल्या, तरी एक ताई उठेना. पिशवीतून पासबुक काढून म्हणाली, "मॅडम, एफडी मोडायचा अर्ज लिहून द्या." रस्त्यात जमीन गेली, त्याचा मोबदला आला होता. त्यातले आठ लाख रुपये तिने हट्टाने थोरल्या लेकीच्या नावावर मुदत ठेवीत टाकले होते. लेक तेव्हा चौदा वर्षांची. तिला नर्सिंगला घालायचं, हे ताईचं ठरलेलं होतं. पण पासबुकात दर तीन महिन्यांनी 14,000 रुपये व्याज जमा आणि लगेच 2,800 रुपये वजा. वर्षाचे 11,200 रुपये गेले. घरात सगळे म्हणायला लागले, "सरकार पोरीच्या पैशावर टॅक्स घेतंय. मोडून टाक, त्यापेक्षा गाडी घेऊ."

मैत्रिणींनो, ती ठेव तेव्हा मोडली असती तर गाडी आली असती आणि नर्सिंग राहिलं असतं. आणि गंमत म्हणजे त्या कुटुंबाला एक रुपयाही कर लागत नव्हता. पैसे कापले गेले होते ते एका कागदामुळे. तो कागद कोणता, हे समजण्यासाठी आधी नियम समजून घेऊ.

व्याज मुलाचं, हिशोब आईबापाचा

अठरा वर्षांखालचं मूल कायद्याने अज्ञान. सातबाऱ्यावर आपण "अ.पा.क." असं लिहिलेलं पाहतो, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बँकेतही तसंच. खातं मुलाचं, सही पालकाची.

आयकराचा नियम असा आहे की अज्ञान मुलाच्या नावावर जे व्याज येतं, ते आई आणि वडील यांच्यापैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. पैसे कोणी दिले याने फरक पडत नाही. आजीने दिले, मामाने भाचीच्या बारशाला दिले, वाढदिवसाला साठले, तरी व्याजाची बेरीज आईबापाच्याच हिशोबात. आजी-आजोबा, मामा, आत्या यांनी दिलेल्या मूळ रकमेवर कर नाही. प्रश्न फक्त त्या रकमेवर पुढे मिळणाऱ्या व्याजाचा आहे.

एकदा हे व्याज एका पालकाच्या हिशोबात धरलं, की पुढच्या वर्षीही साधारण त्याच्याच हिशोबात धरायचं. यंदा बापाच्या, पुढच्या वर्षी आईच्या, असं सोयीने फिरवता येत नाही.

आता "जास्त उत्पन्न" कसं ठरवायचं? इथे आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, त्यामुळे ते या तुलनेत येत नाही. समजा वडील फक्त शेती करतात आणि वर्षाला तीन लाखांचा कांदा विकतात. आई अंगणवाडी सेविका आहे, तिला मानधन मिळतं. घरात आपण म्हणू, बाप जास्त कमावतो. पण आयकराच्या नजरेत त्या घरात उत्पन्न जास्त आहे ते आईचं. मुलांच्या एफडीचं व्याज तिच्या हिशोबात येईल.

नवरा-बायको वेगळे झाले असतील, तर मुलाला जो सांभाळतो त्याच्या उत्पन्नात हे व्याज येतं. आई आणि वडील दोघंही नसतील आणि मूल आजीकडे किंवा काकाकडे वाढत असेल, तर ते व्याज आजीच्या किंवा काकाच्या उत्पन्नात जात नाही. ते मुलाचं स्वतःचंच उत्पन्न धरलं जातं. आपल्या गावांत कोरोनानंतर अशी लेकरं आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आणखी दोन अपवाद आहेत. मुलाला कायद्यात सांगितलेलं अपंगत्व असेल आणि तसं प्रमाणपत्र असेल, तर त्याचं उत्पन्न आईबापाच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. दुसरा अपवाद म्हणजे मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलेने कमावलेला पैसा. मुलीने नृत्याचे कार्यक्रम करून मानधन मिळवलं, तर ती कमाई तिचीच. मात्र तीच रक्कम एफडीत टाकली, की तिचं व्याज पुन्हा आईबापाच्या हिशोबात.

मग कर किती लागतो?

आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात उत्तर आहे: शून्य. 2025-26 या आर्थिक वर्षात नव्या कर पद्धतीत चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. त्याच्यावर गेलं, तरी एकूण करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल, तर पगार, मजुरी, व्याज अशा नेहमीच्या उत्पन्नावरचा सगळा कर सवलतीत माफ होतो. फरक एवढाच की उत्पन्न चार लाखांच्या वर गेलं की विवरणपत्र, म्हणजे रिटर्न, भरावं लागतं, कर शून्य असला तरी.

ज्यांचं उत्पन्न मोठं आहे, त्यांना मात्र हा नियम लागतो. आमच्याकडे एका गटातल्या वहिनींचे मिस्टर चांगल्या पगाराच्या नोकरीत आहेत. ते जुन्या पद्धतीने कर भरतात आणि वीस टक्क्यांच्या टप्प्यात येतात. त्यांना कोणी तरी सांगितलं, "पाच लाख मुलाच्या नावावर टाका, व्याजावर टॅक्स नाही." वर्षाला 35,000 रुपये व्याज आलं. जुन्या पद्धतीत दर मुलामागे वर्षाला 1,500 रुपयांपर्यंत सूट आहे, ती वजा केली तर राहिले 33,500. त्यावर वीस टक्क्यांनी 6,700 रुपये कर आणि वर चार टक्के उपकर. नव्या पद्धतीत ती 1,500 ची सूटही नाही. म्हणजे मुलाच्या नावावर टाकून कर वाचला नाही. व्याजाची माहिती बँक आयकर खात्याला कळवत असते, त्यामुळे लपवण्यातही अर्थ नाही.

म्हणून लक्षात ठेवा: मुलाच्या नावावर पैसे ठेवायचे ते मुलाच्या शिक्षणासाठी ठेवायचे. कर वाचवण्यासाठी तो मार्ग नाही.

टीडीएस म्हणजे कर नव्हे

आता त्या ताईच्या 11,200 रुपयांकडे येऊ. कापले गेले तो टीडीएस होता. टीडीएस म्हणजे बँकेने आगाऊ कापून सरकारकडे भरलेली रक्कम. तुमचा कर किती हे बँकेला माहीत नसतं. व्याज ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की ती कापते. खरा हिशोब नंतर होतो. कर लागत नसेल तर रिटर्न भरून ती रक्कम परत मागता येते.

ताईच्या वेळी, म्हणजे 2024-25 मध्ये, ही मर्यादा वर्षाला 40,000 रुपये व्याजाची होती. तिच्या लेकीचं व्याज 56,000, म्हणून कापणी सुरू झाली. 1 एप्रिल 2025 पासून ही मर्यादा 50,000 झाली आहे. साठ वर्षांवरच्या ज्येष्ठांसाठी ती एक लाख आहे. मर्यादा ओलांडली की फक्त वरच्या रकमेवर नाही, तर सगळ्या व्याजावर कापणी होते. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवी वाटून ठेवल्या, तरी व्याजाची बेरीज एकत्रच होते. साध्या बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस नसतो, पण ते व्याजही उत्पन्नात धरायचं असतं.

कापणी किती? बँकेकडे पॅन नंबर असेल तर दहा टक्के, नसेल तर वीस टक्के. ताईने ठेव ठेवताना पॅनकार्ड नव्हतं म्हणून फॉर्म 60 भरून दिला होता. ठेव ठेवायला तो चालला, पण कापणी वीस टक्क्यांनी झाली. पॅन असता तर निदान निम्मेच पैसे अडकले असते. आणि एक फॉर्म वेळेत दिला असता तर काहीच कापलं गेलं नसतं. तो फॉर्म म्हणजे 15जी.

15जी म्हणजे बँकेला लिहून दिलेलं निवेदन: "माझ्या वर्षाच्या उत्पन्नावर कर शून्य येतो, म्हणून व्याजातून कापू नका." तो देण्यासाठी दोन अटी आहेत. वर्षाच्या एकूण उत्पन्नावर कर शून्य येत असला पाहिजे, आणि वर्षाचं सगळं व्याज मिळून करमुक्त मर्यादेच्या आत असलं पाहिजे. 2025-26 मध्ये साठच्या वरच्यांसाठी 15एच हा वेगळा फॉर्म होता. अज्ञान मुलाच्या ठेवीसाठी हा फॉर्म पालक भरतात, आणि ज्याच्या उत्पन्नात व्याज मिळतं त्याचा पॅन त्यावर लागतो. पॅनशिवाय हा फॉर्म ग्राह्य धरत नाहीत. तो दरवर्षी नव्याने द्यायचा, एप्रिल महिन्यात, पहिलं व्याज जमा होण्याआधी. एकदा दिला म्हणजे कायमचा दिला, असं नाही. आणि कर लागत असताना खोटं लिहून दिलं तर तो गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवा.

आम्ही ताईला आणि तिच्या मालकांना घेऊन बँकेत गेलो. मालक दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, वर्षाची कमाई साधारण 2,40,000. ताईची शिलाईची कमाई त्याहून बरीच कमी. म्हणून लेकीचं व्याज मालकांच्या हिशोबात. 2,40,000 आणि 56,000 मिळून 2,96,000. त्या वर्षी नव्या पद्धतीत तीन लाखांपर्यंत कर नव्हता. म्हणजे कर शून्य.

मालकांचं पॅनकार्ड काढलं. व्याज त्यांच्या उत्पन्नात धरायचं आहे, असं बँकेला लिहून दिलं. बँकेने आपल्या टीडीएसच्या नोंदीत त्यांचा पॅन घालून दुरुस्ती केली. चार खेपा झाल्या, एका खेपेला तर साहेबच रजेवर. मग रिटर्न भरलं. काही आठवड्यांनी मालकांच्या खात्यात पैसे परत आले. पुढच्या वर्षासाठी 15जी दिला आणि कापणी थांबली. ठेव शाबूत आहे.

एक सूचना. आम्ही सांगितलेले आकडे आणि फॉर्मची नावं 2025-26 या वर्षाची आहेत. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. तेव्हा काउंटरवर नंबर आठवत बसू नका. सरळ म्हणा, "व्याजातून टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म द्या."

सही आईची चालते

अजूनही काही ठिकाणी आपल्या बायांना सांगितलं जातं, "मुलाच्या खात्याला वडिलांना घेऊन या." मैत्रिणींनो, याची एक गोष्ट आहे. गीता हरिहरन नावाच्या लेखिकेने 1984 साली आपल्या लहान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला. पालक म्हणून सही तिची. नवऱ्याची त्याला संमती होती. तरी अर्ज परत आला. वडिलांची सही आणा, असं सांगितलं गेलं. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. 17 फेब्रुवारी 1999 रोजी निकाल लागला. कायद्यात "वडील आणि त्यांच्यानंतर आई" असं लिहिलं आहे. त्यातल्या "नंतर" चा अर्थ वडील वारल्यावरच असा होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. वडील प्रत्यक्ष लक्ष देत नसतील किंवा दोघांच्या संमतीने आई सांभाळत असेल, तर वडील हयात असतानाही आई पालक असते.

बचत खातं आणि मुदत ठेव यांच्यासाठी तर आईने पालक म्हणून मुलाचं खातं उघडायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहेच. एप्रिल 2025 च्या परिपत्रकातही ती पुन्हा नोंदवली आहे. त्याच परिपत्रकाप्रमाणे दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःच्या सहीने खातं चालवू शकतं, किती रकमेपर्यंत ते बँक ठरवते.

फक्त गल्लत करू नका. खात्यावर सही आईची असली, तरी व्याज जास्त उत्पन्न असलेल्या पालकाच्या हिशोबात जाईल. सही कोणाची आणि कर कोणाच्या हिशोबात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्या व्याजावर करच नाही

हा सगळा हिशोब नको असेल आणि घरात दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल, तर सुकन्या समृद्धी खातं पाहा. पोस्टात किंवा बँकेत उघडतं. वर्षाला कमीत कमी 250 आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. पंधरा वर्षं भरायचं, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पूर्ण होतं. 2025-26 मध्ये व्याज 8.2 टक्के होतं. सरकार हा दर दर तिमाहीला जाहीर करतं. या व्याजावर कर नाही, त्यामुळे आईबापाच्या उत्पन्नात मिळवलं काय न मिळवलं काय, फरक पडत नाही. टीडीएस नाही, 15जी नाही.

महिन्याला 500 रुपये भरले तर पंधरा वर्षांत 90,000 जातात. 8.2 टक्के दर तसाच राहिला, तर एकविसाव्या वर्षी साधारण पावणेतीन लाख मिळतात. मुलगी दहावी झाली किंवा अठरा वर्षांची झाली, की शिक्षणासाठी मागच्या वर्षअखेरच्या शिलकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. एका वर्षी भरायचं राहिलं तर 50 रुपये दंड भरून खातं पुन्हा चालू होतं.

दोन गोष्टी सांभाळा. एका कुटुंबात दोन मुलींपर्यंतच हे खातं निघतं. जुळ्यांच्या बाबतीत तेवढी सवलत आहे. आणि खातं आईवडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात. बऱ्याच आज्यांनी हौसेने नातींची खाती काढली आहेत. अशी खाती आईवडिलांच्या नावे करून घ्यायची आहेत, असा नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाला आहे. तुमच्या घरी असं खातं असेल तर पोस्टात जाऊन विचारा.

मुलगा असेल तर पीपीएफ आहे. त्याचंही व्याज करमुक्त आहे. त्यात वर्षाला दीड लाखाची मर्यादा पालक आणि मूल यांच्या खात्यांची मिळून धरतात.

जास्त व्याजाच्या आशेने लेकरांचे पैसे पतसंस्थेत ठेवत असाल, तर एक लक्षात असू द्या. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं.

अठरा पूर्ण झाल्यावर

मूल अठरा वर्षांचं झालं की पालकाची सही थांबते. मुलाने स्वतःचे कागद आणि सहीचा नमुना द्यायचा. नाही दिला तर व्यवहार अडतात, आणि नेमकी तेव्हाच कॉलेजची फी भरायची असते. म्हणून वाढदिवस झाला की त्याच महिन्यात बँकेत जा, पॅनकार्डही काढून घ्या. अठरानंतरचं व्याज मुलाचं स्वतःचं उत्पन्न. ते आईबापाच्या हिशोबात येत नाही.

खातं वर्षानुवर्षं पडून राहू देऊ नका. दहा वर्षं कोणी हात लावला नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. मागितली तर परत मिळते, पण त्यासाठी पुन्हा खेटे.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत पाच मिनिटं या कामाला द्या. प्रत्येकीने घरातली मुलांची पासबुकं आणि ठेवीच्या पावत्या आणाव्यात. तीन गोष्टी बघायच्या: बँकेकडे पालकाचा पॅन नोंदलेला आहे का, पासबुकात टीडीएसची नोंद दिसते का, आणि वर्षाचं व्याज 50,000 च्या जवळ जातं का. ज्यांचं जात असेल आणि कर लागत नसेल, त्यांनी एप्रिलमध्ये फॉर्म द्यायचा. ज्यांचं कापलं गेलं असेल, त्यांची नावं गटाच्या वहीत लिहा. आम्ही गावात येऊ तेव्हा बँकेत सोबत जाऊ.

त्या ताईची लेक आता दहावीला आहे. घरात गाडीचा विषय अजून निघतो. ताई म्हणते, "पोरीच्या पैशाची पावती माझ्या पेटीत आहे आणि पेटीची किल्ली माझ्याकडे आहे."

पुढच्या भागात पीक विम्याच्या कागदांबद्दल बोलू.